एकटीने आरव्ही, सोबत कुत्रा: ग्रँड कॅनियनच्या ट्रेलर व्हिलेजचा रिव्ह्यू

एकट्याने, घरचं कुत्रं सोबत घेऊन, पहिल्यांदाच आरव्ही (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) काढायची असेल आणि तुम्ही फिनिक्सच्या आसपास राहत असाल तर ग्रँड कॅनियनच्या साऊथ रिमवरचं, म्हणजे दक्षिण कड्यावरचं, ट्रेलर व्हिलेज हे आरव्ही कॅम्पग्राउंड बुक करा, ह्या एका कामासाठी मी त्याला पाचपैकी पाच देते. ज्यांना झाडीत एकांत हवाय, शेजारची गाडी दिसायलाच नकोय, त्यांनी जवळचंच मॅथर कॅम्पग्राउंड बघावं, ते पाइनच्या झाडांत आहे आणि सुंदर आहे, पण तिथे विजेचं कनेक्शन नाही, जनरेटर पण ठराविक तासच चालवता येतो, आणि कुत्रा घेऊन एकट्याने निघालेल्या नवख्या माणसाचं सगळं गणित विजेवर बसलेलं असतं.

का ते सांगते. आरव्हीबद्दलचे बहुतेक सल्ले जोडप्यांनी जोडप्यांसाठी दिलेले असतात. दोघं असली की एक जण दुकानात जातो, दुसरा कुत्र्यापाशी थांबतो. एक जण गाडी मागे घेतो, दुसरा मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे, बस्स' करतो. एक जण अंघोळीला गेला तरी कुत्र्याजवळ कोणीतरी असतं. आपण एकटे असलो की तो दुसरा माणूस नाही, मग त्याची एकेक कामं कोण करणार हे घरातून निघायच्या आधी ठरवून टाकायचं. गाडी कुठली, साइट (गाडी लावून राहायची जागा) कुठली, दिवस कुठले, सगळं ह्यावरूनच ठरवा असं मी म्हणेन. बाकी पडदे कसले, कप कुठले, लायटिंग कसं हे नंतर बघता येतं.

माझा कुत्रा बंड्या मोठा आहे, शेल्टरमधून आणलेला, माणसांत रमतो पण मोठा आवाज झाला की टेबलाखाली जाऊन बसतो. म्हणून पहिली गोष्ट, कॅनियनला थेट जाऊ नका. आधी घराजवळ एक रात्र काढा. आमच्याकडे मॅरिकोपा काउंटीचे पार्क आहेत, मॅकडॉवेल माउंटन रिजनल पार्क किंवा युझरी माउंटन, तिथे साइटवर वीज-पाणी मिळतं, डंप स्टेशन (टाक्यांतलं सांडपाणी सोडायची जागा) आहे, आणि काही बिनसलं तर तासाभरात घरी. पाण्याचा पंप चालू झाला की घरघरतो, रूफ एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना दणका देतो, फर्नेस (गॅसचा हीटर) भस्सकन पेटते, हे सगळे आवाज कुत्र्याला तिथे ऐकू देत. दाराच्या लोखंडी जाळीच्या पायऱ्यांतून खालची जमीन दिसते आणि बरेच कुत्रे त्यावर पायच ठेवत नाहीत, त्याला जुन्या कार्पेटचा तुकडा बांधला की काम होतं. आणि ह्या वाळवंटी पार्कांत एक बारीक दातांची फणी खिशात असू द्या, चोयाचे (निवडुंगाचे) काटेरी गोळे पंज्यात अडकले की हाताने काढायला जाऊ नका, ते तुमच्या बोटात घुसतात, फणी खालून घालून झटकन उडवायचे.

आता गाडी. मी साधारण २५ फुटी क्लास सी भाड्याने घेतली, फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेली असते ती, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. कंपनीचं नाव मी देत नाही. मशीन म्हणून गाडी चांगली होती, इंजिन दमदार, ब्रेक नीट, पण हातात देताना गाडी समजावून सांगायचं काम त्यांनी घाईघाईत उरकलं आणि रूफ एसीचा फिल्टर धुळीने इतका गच्च भरलेला होता की हवाच येत नव्हती. तो फिल्टर छतातल्या जाळीमागे असतो, दोन मिनिटांत निघतो, धुऊन परत बसवता येतो. ज्या गाडीत कुत्रा बसणार तिचा एसी म्हणजे कुत्र्याचा श्वास आहे, त्यामुळे गाडी ताब्यात घेताना एसी तिथेच, त्यांच्यासमोर, वीस-पंचवीस मिनिटं चालवून बघा, जनरेटरवर एकदा आणि विजेच्या प्लगवर एकदा. ते माहिती सांगत असताना फोनवर व्हिडिओ काढा, रात्री एकट्याने टँकचा व्हॉल्व्ह शोधायची वेळ आली की तोच व्हिडिओ कामाला येतो.

क्लास सी घ्यावी की छोटी व्हॅन, हा प्रश्न सगळे विचारतात. व्हॅन चालवायला सोपी, पार्क करायला सोपी, पेट्रोल कमी पिते. क्लास सी गॅलनला आठ-दहा मैल देते, वाऱ्यात हलते, आय-४० हायवेवर बाजूने ट्रक गेला की गाडी ढकलल्यासारखी होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतात. तरी मोठ्या कुत्र्यासाठी मी क्लास सीच सांगेन, कारण व्हॅनमध्ये रात्री कुत्रं खाली झोपलं की तुम्हाला पाय ठेवायला जागा राहत नाही. लायसन्सची काळजी नको, ह्या गाडीचं मान्य वजन १४,५०० पौंड असतं आणि आपल्या साध्या लायसन्सवर ती चालते. उंची मात्र अकरा फुटांच्या आसपास जाते, नेमका आकडा कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. मागे ओढायचा ट्रेलर एकट्या बाईने पहिल्या खेपेला घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं, त्याचं एक साधं कारण आहे. मोटरहोममध्ये रात्री बाहेर काही विचित्र वाटलं तर पलंगावरून उठून आतूनच ड्रायव्हर सीटवर बसता येतं आणि गाडी सुरू करून निघता येतं. ट्रेलर असेल तर आधी दार उघडून बाहेर यावं लागतं.

चालत्या गाडीत कुत्रा मोकळा सोडू नका, एवढ्या मोठ्या गाडीचा ब्रेक मारला की तो सरळ पुढे येतो. क्रेट जमिनीला घट्ट बांधून, नाहीतर चांगला हार्नेस डायनेटच्या (जेवणाच्या टेबलाजवळच्या बाकाच्या) सीटबेल्टला अडकवून. स्लाइड-आउटवाली, म्हणजे एक भिंत बाहेर सरकून खोली मोठी होणारी, गाडी असेल तर भिंत आत-बाहेर करायच्या आधी प्राणी क्रेटमध्ये, दरवेळी. मांजरवाल्यांनी हे दोनदा वाचा, मांजरं स्लाइडच्या खालच्या फटीत जाऊन बसतात आणि मशीनला ते कळत नाही. आणि जमिनीलगत जो गॅसचा डिटेक्टर असतो तो मुद्दाम खाली लावलेला असतो कारण प्रोपेन हवेपेक्षा जड, त्याच्यासमोर कुत्र्याची गादी ढकलून ठेवू नका.

फिनिक्सहून साऊथ रिम साधारण २३० मैल. मी आय-१७ ने वर, मग आय-४० ने विल्यम्सपर्यंत आणि तिथून ६४ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला. फिनिक्स समुद्रसपाटीपासून ११०० फुटांवर आणि साऊथ रिम ७००० फुटांवर, म्हणजे दिवसभर चढच. आय-१७ च्या मोठ्या चढांवर 'इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करा' अशा पाट्या लागतात, आणि उन्हाळ्यात मागे कुत्रा असताना एसी बंद करणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको, २०२३ मध्ये ३० जूनपासून फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याहून वर होता. उपाय एकच, पहाटे उजाडायच्या आत निघा, ऊन चढेपर्यंत तुम्ही वर फ्लॅगस्टाफच्या गार हवेत असता. उशीर झालाच तर जनरेटर लावून चालत्या गाडीत रूफ एसी चालू ठेवता येतो, पण भाड्याच्या गाडीत जनरेटरचे पैसे तासावर लागतात का ते आधी विचारा. थांबायचं तिथे डांबराला हाताची पालथी बाजू सात सेकंद लावून बघा, तुम्हाला सहन होत नसेल तर त्याच्या पंज्यालाही होणार नाही. फिनिक्स शहर तर १०० फॅरनहाइटच्या पुढे आपल्या ट्रेल्सवर कुत्र्यांना बंदीच करतं आणि ते अगदी योग्य करतं.

मुक्कामाची जागा. ट्रेलर व्हिलेजच्या साइट्स पक्क्या डांबरी आणि पुल-थ्रू आहेत, म्हणजे एका बाजूने आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडायचं, ५० फुटी गाड्यासुद्धा बसतात. रिव्हर्स घ्यावीच लागत नाही! मागे उभं राहायला कोणी नसलेल्या माणसासाठी ह्याची किंमत फार मोठी आहे, पहिल्या दिवशी एवढ्या लांबच्या ड्रायव्हिंगनंतर पंचवीस फुटी गाडी झाडं आणि खांब चुकवत मागे घ्यायची म्हणजे ज्याने कधी घेतलेली नाही त्याचा घामच निघेल. इथे शिरलं, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, झालं.

दुसरं म्हणजे फुल हूकअप, म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची नळी तिन्ही साइटवरच. सार्वजनिक शॉवर आणि लाँड्री मॅथरजवळच्या कॅम्पर सर्व्हिसेसमध्ये आहेत, पण तिथे कुत्र्याला आत नेता येत नाही आणि बाहेर बांधून जाता येत नाही, नॅशनल पार्कमध्ये प्राण्याला कशाला तरी बांधून एकटं सोडून जाणं नियमाविरुद्ध आहे. फुल हूकअप असलं की तुम्ही गाडीतच अंघोळ करता, गाडीतच भांडी घासता, टँक भरला म्हणून गाडी हलवायची वेळ येत नाही, आणि कुत्रा पूर्ण वेळ तुमच्या नजरेसमोर. एकट्या माणसाने हूकअपसाठी जास्तीचे पैसे द्यावेत का, तर द्यावेत, दुसऱ्या कशावर तरी वाचवा. (ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह मात्र कनेक्शन आहे म्हणून कायम उघडा ठेवू नका, पाणी वाहून जातं आणि घट्ट ते आत साचतं. भरू द्या, मग आधी ब्लॅक सोडा, नंतर अंघोळ-सिंकच्या पाण्याची ग्रे, म्हणजे ग्रेच्या पाण्याने नळी धुतली जाते. हे करताना कुत्रा आत.)

आता विजेबद्दल जरा सविस्तर, कारण लोक इथेच गाफील राहतात. लहान क्लास सी बहुतेक ३० अँपवर चालते. ३० अँप गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॉट, बस. त्यातला जवळजवळ निम्मा एकटा रूफ एसी खातो. वर तुम्ही मायक्रोवेव्ह लावला, इन्स्टंट पॉटमध्ये वरण-भात लावला, गीझर विजेवर ठेवला की साइटवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर ट्रिप होतो. तुम्ही आत असाल तर कटकट एवढीच की बाहेर जाऊन तो परत वर करायचा. पण गीझर विजेवर ठेवून तुम्ही दुकानात गेलात, कुत्रा आत, एसी चालू, आणि मागे ब्रेकर पडला तर? अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशनचा तक्ता सांगतो की बाहेर ७० फॅरनहाइट असताना, म्हणजे आपल्या २१ सेल्सिअसला, बंद कारच्या आत अर्ध्या तासात १०४ होतं, म्हणजे ४० सेल्सिअस. आरव्ही कारपेक्षा मोठी असली तरी तिचं छत पातळ आणि काचा भरपूर. साऊथ रिमला जुलैतसुद्धा दुपार ८०-८५ च्या घरात असते, आपल्याला छान वाटते, म्हणूनच धोका लक्षात येत नाही. म्हणून कुत्रा आत एकटा असताना एसी सोडून मोठं काहीही विजेवर नको, गीझर प्रोपेनवर, स्वयंपाक आधी नाहीतर गॅसवर.

खांब आणि गाडीच्या वायरमध्ये चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा, ईएमएस म्हणतात तो. दुपारी सगळ्यांचे एसी एकदम चालू झाले की कुठल्याही कॅम्पग्राउंडवर व्होल्टेज खाली येऊ शकतं, आणि कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर जळतो. ईएमएस साधारण १०४ व्होल्टच्या खाली गेलं की वीज तोडतो आणि एसी वाचवतो. पण त्याने वीज तोडली म्हणजे एसी बंद, आणि तो तुम्हाला फोन करून सांगत नाही. इथे त्या दुसऱ्या माणसाचं काम टेंपरेचर मॉनिटर करतो.

मॉनिटर घ्याल तर स्वतःचं सिम असलेला घ्या. कॅम्पग्राउंडच्या वायफायवर चालणारे कॅमेरे स्वस्त पडतात पण वायफाय गेलं की ते मुके होतात, आणि वीज गेली की राउटरही जातो. सिमवाल्यात आतलं तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं किंवा वीज गेली की मेसेज येतो, आतली बॅटरी असते. मी जो वापरते तो त्या कामात चोख आहे, मासिक फी आहे ती मला पटते. पण विश्वास ठेवायच्या आधी परीक्षा घ्या, गाडीशेजारी खुर्ची टाकून बसा, खांबावरचा ब्रेकर स्वतः पाडा, आणि मेसेज यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. जेवढा वेळ लागला तो धरून, परत यायला पंधरा मिनिटांच्या आतच लागतील एवढ्याच अंतरावर जा. मार्केट प्लाझाचं दुकान आणि पोस्ट ट्रेलर व्हिलेजपासून चालत जाण्याएवढं आहे, मी सकाळी गार असताना तेवढंच करते. दाराच्या काचेवर एक कागद लावा, 'कुत्रा आत आहे, एसी चालू आहे, माझा नंबर असा', नाहीतर काळजीपोटी कोणी रेंजरला (पार्कच्या अधिकाऱ्याला) बोलावतं, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. कुत्र्याला गाडीत एकटं ठेवायचं की नाही ह्याचा प्रत्येक कॅम्पग्राउंडचा आपापला नियम असतो, तो बुकिंग करतानाच विचारून घ्या आणि मगच वरचं सगळं.

रिमच्या खाली उतरायचं असेल तर मात्र मॉनिटरच्या भरवशावर अजिबात जाऊ नका, खाली फोनला रेंज मिळेल असं धरून चालता येत नाही, आणि चढून वर यायला वेळ लागतो. त्यासाठी केनेल आहे, आणि नवख्यांना मी साऊथ रिम सुचवते त्याचं हे सगळ्यात मोठं कारण. पार्कच्या आतच, मॅस्विक लॉजजवळ, दिवसभरासाठी किंवा रात्रीपुरतं कुत्रं-मांजर ठेवायची सोय आहे, किती नॅशनल पार्कांत असं मिळतं! आधी बुकिंग करावं लागतं, लसींचे कागद दाखवावे लागतात, म्हणून रेबीजसकट सगळी सर्टिफिकिटं फोनमध्ये आणि छापील अशी दोन्ही ठेवा. मला साऊथ काइबाब ट्रेलवरच्या ऊ-आह पॉइंटपर्यंत जायचं होतं, ०.९ मैल खाली आणि तेवढंच चढून वर. त्या ट्रेलच्या तोंडापर्यंत खाजगी गाडी नेता येत नाही, शटल बसच घ्यावी लागते, शटलमध्ये पाळीव प्राणी चालत नाहीत, आणि रिमच्या खाली तर कुत्र्यांना बंदीच. म्हणजे केनेल नसती तर एकट्या माणसाला तो ट्रेल मिळालाच नसता. बंड्याला सोडताना जीव थोडा वरखाली झाला पण तिथल्या लोकांनी त्याच्या सवयी शांतपणे विचारल्या, टेबलाखाली बसायची सवयसुद्धा सांगितली मी, आणि त्यांनी लिहून घेतली. परत न्यायला गेले तेव्हा तो ताणून झोपला होता.

वरती मात्र कुत्र्याला खूप काही आहे. रिमच्या वरचे ट्रेल्स कुत्र्यांना खुले आहेत, पट्टा सहा फुटांपेक्षा लांब नको, ते मागे ओढत जाणारे लांब दोरीचे पट्टे घरीच ठेवा. रिम ट्रेल साधारण १३ मैल आहे, बराच भाग पक्का आणि सपाट, आणि ट्रेलर व्हिलेजहून चालत तिथे पोचता येतं. हे महत्त्वाचं आहे कारण शटल नाही आणि प्रत्येक वेळी आरव्हीची वीज-पाणी-नळी सोडवून ती घेऊन जाणं एकट्याने फार होतं. सकाळी लवकर जा, पाणी दोघांचं घ्या, ७००० फुटांवर माणसाला जशी धाप लागते तशी कुत्र्यालाही लागते, पहिला दिवस हळू. काही ठिकाणी कठडा नाही आणि खाली सरळ दरी, तिथे पट्टा हाताला दोन वेढे देऊन आखूड धरा, फोटोसाठी हातातून सोडू नका, फोटो काढून द्यायला विचारलं तर कोणीही काढून देतं. बार्क रेंजर म्हणून कार्यक्रम आहे, कुत्र्याची विष्ठा उचलणं, पट्टा, जनावरांपासून अंतर आणि कुठे जायचं-कुठे नाही ह्याची माहिती, एवढं पाळायची कबुली दिली की कुत्रा बार्क रेंजर होतो, गळ्यात घालायचा बिल्लाही विकत मिळतो. बंड्याच्या गळ्यात आहे आणि मला त्याचा भारी अभिमान आहे.

एल्क (मोठी हरणं) कॅम्पग्राउंडमध्ये बिनधास्त चरत फिरतात, प्रचंड असतात, १०० फुटांचं अंतर ठेवायचा नियम आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात तेव्हा दार उघडायच्या आधी बाहेर बघा, मग कुत्र्याला पट्टा लावून उतरवा. खारींच्या मागे कुत्र्याला जाऊ देऊ नका, प्रेअरी डॉगच्या (खारीसारखाच बिळात राहणारा प्राणी) बिळांपाशी तर मुळीच नको, उत्तर अ‍ॅरिझोनात त्यांच्या पिसवांतून प्लेग येऊ शकतो, पिसू-गोचिडीचं औषध निघायच्या आधीच देऊन ठेवा.

आपल्या स्वयंपाकाबद्दल एक. आरव्हीतला ओटा आणि कचऱ्याचा डबा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका-बेदाणे हे कुत्र्यांना विषारी आहे, आणि आपल्या डब्यात काय असतं, कांद्याची सालं, कांदा-लसूण मसाल्याची पिशवी, शिऱ्यातले बेदाणे. झाकण लॉक होणारा डबा घ्या किंवा कचरा लगेच बाहेर टाकून या. मी कांदे घरूनच परतून डबा भरून नेते आणि तो वरच्या कपाटात. शिट्टीचा कुकर नेऊ नका, त्या पत्र्याच्या छोट्या खोलीत शिट्टी झाली की कुत्रं दिवसभर सावरत नाही.

सगळ्यात कमी बोललं जातं ते हे, की आपल्यालाच काही झालं तर. तुम्ही ट्रेलवर पाय मुरगाळून पडलात आणि अँब्युलन्समधून गेलात तर गाडीतल्या जिवाचं काय, कोणाला माहीतही नसेल. फोनच्या लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी माहितीत लिहा की साइट नंबर अमुक, आत कुत्रा आहे. तसाच कागद पाकिटात. तसाच फ्रिजवर, त्यावर त्याचं नाव, औषधं, व्हेटचा नंबर, आणि फिनिक्समधल्या अशा एका माणसाचं नाव जो गाडी काढून येईल. माझ्या बाबतीत ती माझी मैत्रीण आहे, तिच्याकडे माझा पूर्ण मार्ग असतो आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी माझा मेसेज गेला नाही तर ती कॅम्पग्राउंडच्या ऑफिसला फोन करणार असं ठरलेलं आहे. मायक्रोचिपवर तुमचा आत्ताचाच नंबर आहे ना ते बघा. पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांशी ओळख करून घ्या, आरव्हीवाल्यांत निवृत्त जोडपी खूप असतात, दिवसभर खुर्च्या टाकून बाहेर बसलेली, त्यांना सांगितलं की दुपारी जरा माझ्या एसीचा आवाज येतोय ना बघा, तर ते खरंच बघतात. आमच्या शेजारच्या काकांनी तर खांबावरचा दिवा कुठला हिरवा असायला हवा ते पण विचारून ठेवलं होतं. एकटी बाई आहे हे सगळ्यांना सांगू नये असं काही जण म्हणतात, ते रस्त्यावरच्या थांब्यांसाठी बरोबर आहे, पण कॅम्पग्राउंडवर शेजारी माहीत असणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

पाण्याचं लक्षात ठेवा. साऊथ रिमला पाणी कॅनियनच्या आतून येणाऱ्या जुन्या पाइपलाइनने येतं आणि ती फुटते, २०२४ च्या ऑगस्टअखेरीस तर त्यामुळे तिथल्या लॉजमधला रात्रीचा मुक्काम काही दिवस बंद करावा लागला होता. निघायच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या वेबसाइटवर सूचना बघा, आणि फुल हूकअप आहे म्हणून रिकामी टाकी घेऊन जाऊ नका, विल्यम्स सोडताना फ्रेश वॉटर भरलेलं असू दे. पेट्रोलही तिथेच भरून घ्या. मोठं शहर म्हटलं तर फ्लॅगस्टाफ, सुमारे ८० मैल, कुत्र्याची नेहमीची औषधं जास्तीची बरोबर असू देत.

दिवस हाताशी असतील तर परतताना पेट्रिफाइड फॉरेस्टला वळा. कुत्र्यांच्या बाबतीत इतकं मोकळं नॅशनल पार्क मी दुसरं बघितलेलं नाही, पक्क्या ट्रेल्सवर आणि वाइल्डरनेस भागातसुद्धा पट्टा लावून कुत्रा नेता येतो, दगड झालेले वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचे ओंडके आणि पेंटेड डेझर्टचे रंग, दोघांनी मिळून बघायचं. पार्कमध्ये आरव्हीचा मुक्काम नाही, होलब्रूकला खाजगी आरव्ही पार्क आहेत तिथे रात्र काढा.

बुकिंग ट्रेलर व्हिलेजचं जितकं आधी कराल तितकं बरं, एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बघा, हिवाळ्यात पण ते उघडं असतं पण रात्री गोठतं आणि पाण्याच्या नळीची वेगळी तयारी लागते, पहिल्या खेपेला नको. आधी केनेलमध्ये जागा आहे का ते विचारा, मग साइट घ्या, आणि गाडी सगळ्यात शेवटी. गाडी घेताना पाळीव प्राण्याची फी किती आणि परत करताना सफाईचे वेगळे किती हे लेखी मागा. सोफा, गालिचा, दाराची जाळी ह्यांचे फोटो ताब्यात घेताना आणि परत देताना दोन्ही वेळा काढा, सोफ्यावर घरची जुनी चादर पहिल्या मिनिटापासून टाका, आणि शेवटच्या पेट्रोल पंपावर व्हॅक्यूम असतो तिथे केस काढून मगच गाडी द्या.